घोडा की घर

"घोडा हवा की घर, ते ठरव," असं वर्लिन लेकीला म्हणाला होता आणि मार्लीसने घोडा निवडला होता. त्याला सात वर्षं झाली. ती गावोगावच्या रोडिओत, म्हणजे घोडेस्वारीच्या स्पर्धांत, तीन पिंपांना वळसे घालत घोडा पळवायची, पण त्याने एकही रोडिओ पाहिला नव्हता. या जूनमध्ये मात्र तो एकटाच आपली घरवजा गाडी, आरव्ही, घेऊन नेब्रास्काहून वायोमिंगला आला आणि गारांच्या पावसात, टोपी नाकापर्यंत ओढून, प्रेक्षकांतल्या शेवटच्या बाकावर बसला.

तिसऱ्या पिंपाला वळसा घालताना मार्लीसचा घोडा चिखलात घसरून तिच्यासकट पडला. वर्लिन ताडकन उभा राहिला. ती उठली, तिने घोड्याला उठवलं, त्याचे पाय चाचपले आणि स्वतः लंगडत त्याला बाहेर घेऊन गेली. तिच्या नजरेस पडायच्या आत निघावं म्हणून तो लगबगीने आरव्हीकडे गेला, तर मागची चाकं निम्मी रुतलेली.

थोड्या वेळाने समोर एक पिकअप थांबली आणि हातात साखळी घेऊन मार्लीसच खाली उतरली. त्याने मान खाली घातली.

"काका, न्यूट्रलमध्ये टाका आणि स्टेअरिंग सरळ धरा."

गाडी चिखलातून निघाली. एवढ्या पावसात आपला चेहरा तिला दिसला नसावा, असं त्याला वाटलं. त्याला हायसं वाटलं आणि वाईटही. "आभारी आहे," तो पुटपुटला. ती साखळी गुंडाळत पिकअपकडे गेली.


दार उघडता उघडता ती म्हणाली, "शनिवारी शेरिडनच्या रोडिओत आहे मी. तिथलं पार्किंग डांबरी आहे, बाबा."