सगळं आमच्या भाचीनं केलंय

"हा आरसा घासायला किती दिवस लागले?" चष्मेवाल्यानं दुर्बिणीच्या नळीत डोकं घालून विचारलं.

भाची नुसतीच हसली. ती दुर्बीण तिनं आज पहिल्यांदा पाहिली होती.

आत्याचं शिवणाचं दुकान ओळखू येत नव्हतं. तिन्ही मशिनी भिंतीला सरकवलेल्या. कापड बेतायच्या लांब टेबलावर पांढरी चादर आणि चादरीवर ऐटीत मांडलेल्या चार वस्तू: दुर्बीण, छोटा हातमाग, वारा मोजायचं यंत्र आणि लाकडी चाकांचं घड्याळ. वर पाटी, 'आमच्या भाचीच्या हातच्या वस्तू. सर्वांनी यावे.' आणि सर्व खरंच आले होते. शनिवारी संध्याकाळी त्या गल्लीत दुसरं काही घडत नसे.

भाची आली होती वेगळ्याच कामाला. तीन वर्षं ती आपल्या छंदांवर एक वेबसाइट लिहीत होती. छंद चार, आणि चारही अर्धवट. जरा कुठे हात बसला की चाचणी यायची, चाचणी संपली की प्रॅक्टिकल, ते आटोपलं की वार्षिक परीक्षा दारात उभी. वेबसाइटचे नेमाने वाचणारे दोघं होते. एक आत्या, आणि दुसरं इंटरनेटवर वेबसाइटी चाळत फिरणारं कुठल्याशा कंपनीचं यंत्र. ते यंत्र बिचारं सगळ्यांचंच वाचत असे. आता पुरे, असं तिनं ठरवलं होतं. वेबसाइट बंद, खटाटोप बंद, डिग्री एके डिग्री. पण तिला कारागीर समजणारी जगात एकटी आत्याच होती, म्हणून हे तिला समोर बसून सांगायचं होतं. बसमध्ये वाक्य चारदा घोकून झालं होतं.

टेबल पाहिलं आणि तिला सगळा उलगडा झाला. वेबसाइटचा खर्च निघावा म्हणून तिनं जाहिराती लावल्या होत्या. खर्च काही निघाला नाही, पण जाहिरात ही मोठी कोडगी जात. 'आरसा पुन्हा तडकला' असं हिनं रडून लिहावं, तर शेजारच्या चौकटीत तयार दुर्बीण, घरपोच. 'हातमागाचा धागा तुटला' लिहावं, तर तयार हातमाग, आजच मागवा. तिच्या प्रत्येक फजितीला खेटून कुणीतरी दुकान थाटलेलं. आणि भोळ्या आत्याला वाटलं असणार, लिहिणारी आपली पोर, तर शेजारी विकायला ठेवलेली वस्तूही तिनंच केलेली.

चारही वस्तू आत्यानं मागवल्या होत्या. अभिमानानं. भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऐका जरा," ती मोठ्यांदा म्हणाली. "यातलं काहीच मी बनवलेलं नाही."

हार्डवेअरवाल्यानं टाळी वाजवली. "याला म्हणतात विनय!"

"अहो, खरंच नाही. माझे नऊ आरसे वाया गेले. घासताना जोर काठावर पडला की कड आधी झिजते आणि तारा फेंगडा दिसतो. दहावा आरसा मी हातात घेतलाच नाही."

"बघा," चष्मेवाला लोकांकडे वळून म्हणाला. "जिनं दुर्बीण केली नाही तिला हे माहीत असेल का?"

लोकांना ते पटलं. भूगोलाच्या निवृत्त बाई वाऱ्याच्या यंत्रापाशी थांबल्या होत्या. त्यांना तिनं कळवळून सांगितलं की तिच्या यंत्राला चहाच्या गाळण्या लावल्या होत्या आणि ते फक्त वादळात फिरायचं, तेही उलटं. बाईंचे डोळे पाणावले. जितकं खरं बोलावं तितकी शाबासकी वाढत चालली. शेवटी तिचं डोकंच फिरलं. तिनं घड्याळ उचललं आणि सगळ्यांसमोर उलटं केलं.

"हे बघा कंपनीचं लेबल!"

लेबल नव्हतं. तिथं लेबलाएवढा फिकट चौकोन होता आणि त्याला मशीनच्या तेलाचा वास येत होता. तिनं वाऱ्याचं यंत्र उलटं केलं. तोच चौकोन. हातमागाखालीही तोच, आणि दुर्बिणीच्या पायाशीही.

लोक पुन्हा टाळ्या वाजवत होते. आता कशाबद्दल, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिनं वर पाहिलं. आत्या चादरीची सुरकुती काढायच्या निमित्तानं शेजारी येऊन उभी होती.

"तुला माहीत होतं?" भाचीनं हळूच विचारलं.

"चाळीस वर्षं कपडे शिवतेय मी," आत्या पुटपुटली. "तयार माल मला ओळखता येत नाही होय?"

"मग हे सगळं कशाला?"

"तू गाशा गुंडाळायला निघाली होतीस. फोनवरच्या आवाजावरून कळतं." आत्यानं समोरच्यांकडे बघून हसून मान डोलावली आणि पुन्हा आवाज उतरवला. "परीक्षा कधी संपते?"

"बारा तारखेला."

"लेबलं मी तेल लावून अलगद काढलीत, वहीत जपून ठेवलीत. तीस तारखेपर्यंत कंपनीवाले वस्तू परत घेतात. तेवढ्यात तुझी एक तरी होऊ दे. ती इथं मांडू, त्यांची त्यांना पाठवून देऊ."

भाचीला रागही आला होता, हसूही येत होतं, आणि बसमध्ये घोकलेलं वाक्य तिला काही केल्या आठवेना.

"मला नाही जमायचं गं, आत्या."

"दुर्बिणीला हात लावू नकोस," आत्या म्हणाली. "आधी तुझं ते अर्धवट घड्याळ घे. त्याची दोनच चाकं राहिलीत."