मास्तरांची दुर्बीण

निवृत्त मास्तरांनी दुर्बीण माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हिच्यात एक माणूस सुलटा दिसतो."

मला हसू आलं. आकाश बघायच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं. चंद्राला डोकं-पाय नसतात, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. "अहो मास्तर, लोक उलटं दिसतं म्हणून तक्रार घेऊन येतात!" मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "मला परत नको ती," एवढंच म्हणाले आणि गेले.

मी भिंगं पुसली, नळी झटकली. दुरुस्तीला आलेली प्रत्येक दुर्बीण मी एकाच ठिकाणी रोखून तपासतो, तिथेच हीही रोखली: रस्त्यापलीकडच्या आमच्या गच्चीवर. पाण्याची टाकी उलटी. दोरी उलटी. कपडे वाळत घालणारी बायको उलटी.

आणि तिच्या डोक्याला डोकं टेकवून एक माणूस उभा होता. सुलटा.

नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, तर गच्चीवर ती एकटीच. भिंगं पुन्हा काढली, पुसली, बसवली. माणूस तिथेच होता. आता त्याचे ओठ हलत होते.

मी बायकोला फोन लावला. "अगं, कपडे राहू देत. आधी खाली ये."

ती वैतागली. "मघापासून कानाशी थांब, थांब करताय, आणि आता खाली ये? एक काय ते ठरवा ना!"

मी घाईने दुर्बिणीला डोळा लावला. टाकी उलटी होती. दोरी उलटी होती. कपडेही उलटेच होते.

बायको सुलटी होती.