दुमडलेलं टोक

आईने मेन स्विच पाडला आणि दाराबाहेरच्या भिंतीवरचं बेलचं बटण खोलायला घेतलं. बटण आत रुतून बसलं होतं, मधोमध तडकलंही होतं.

"अगं, मी माणूस बोलावतो ना," मुलगा आतल्या खोलीतून म्हणाला.

"दोन तारांसाठी माणूस?" आई हसली. उभी हयात रेडिओच्या कारखान्यात तारा जोडण्यात गेली होती तिची. ऑपरेशन करून बसवलेला नवा गुडघा कुरकुरत होता, पण हात अजून शाबूत होते.

नवं बटण बसलं. तिने स्विच चढवला, बटण दाबलं. बेल वाजली नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म!

तेवढ्यात समोरची शेजारीण जिना चढून आली. "बदललंत का काकू? बरं केलंत. तुमच्या बहिणीनं एवढा जोर लावून दाबलं होतं, तेव्हाच मोडलं ते."

"माझ्या बहिणीनं? कधी?"

"तुम्ही दवाखान्यातून घरी आलात ना, त्याच आठवड्यात. दारही ठोठावत होत्या. मग तुमचा मुलगा बाहेर आला, त्याच्याशी काहीतरी बोलल्या आणि डोळे पुसत खाली गेल्या. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

शेजारीण आपल्या घरात गेली. आई तिथेच उभी राहिली. त्या आठवड्यात ती दिवसभर गोळ्यांच्या गुंगीत पडून असायची.

बहीण तर आलीच नव्हती. ऑपरेशन झालं, टाके निघाले, आई काठी टेकत चालायला लागली, तरी पाठची बहीण फिरकली नव्हती. त्याच रागात आई भाचीच्या लग्नाला गेली नाही. सख्खी मावशी, पण हट्टाने घरात बसून राहिली होती.

तिने पुन्हा स्विच पाडला, स्टूल ओढलं आणि एका हाताने चौकट धरून वर चढली. दारावरच्या बेलच्या डबीचं झाकण काढलं. एक तार सुटी होती. तुटलेली नाही, सोडवलेली. तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि पट्टीचं टोक दुमडून ठेवलं होतं, पुन्हा काढताना नखाने कुरतडत बसावं लागू नये म्हणून. मुलगा शाळेत असताना ही युक्ती तिनेच त्याला शिकवली होती.

"बेल तू काढलीस?"

मुलगा दारात आला. तिला स्टुलावर बघून त्याने हात पुढे केला. तिने तो धरला नाही.

"डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, आई. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुझी झोपमोड झाली असती. आणि मावशी आली की दोन तास रडारड. तुलाच त्रास झाला असता."

"काय सांगितलंस तिला?"

"म्हटलं, आईला कुणाला भेटायचं नाहीये."

"कुणालाच? की फक्त तिला?"

त्याने पुढे केलेला हात खाली घेतला.

"आणि लग्नाच्या वेळी? तेव्हा तरी तोंड उघडायचंस."

"तेव्हा फार उशीर झाला होता गं. कुठल्या तोंडाने सांगणार?"

"रोज जेवताना मी तिला नावं ठेवत होते," आई सावकाश म्हणाली. "दगडाच्या काळजाची म्हणत होते. तू समोर बसून ऐकत होतास. पुन्हा आमटी वाढून घेत होतास."

ती एकटीच स्टुलावरून उतरली. डबी उघडीच, तार सुटीच. पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरायला लागली.

"आई, मी सोडतो तुला. थांब तरी!"

तिने मागे पाहिलं नाही.

बहिणीचं घर दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर. तिथवर पोचेपर्यंत गुडघा ठणकायला लागला होता. आईने पदराने कपाळ पुसलं आणि बेल दाबली. आत ती खणखणीत वाजली.

पावलं आली, दारापाशी थांबली. दारावरच्या भिंगातला उजेड झाकला गेला.

"मी आहे गं," आई म्हणाली.

पावलं परत गेली नाहीत. कडीही निघाली नाही.