मधली भिंत

मेट्रोची माणसं गिरणीच्या फरशीवर लाल रेघ मारून गेली. रेघेपुढची जागा मेट्रोला जाणार होती. मागे उरत होती बोळकांडीएवढी पट्टी. तिथे चक्की कशीबशी मावली असती, पण गिऱ्हाइकांनी उभं कुठे राहायचं, या विचारात बबनराव बसून होते.

इतक्यात मधल्या भिंतीवर टकटक झाली. पलीकडे शालनबाईंचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. चक्कीमुळे शिवण वाकडी जाते आणि कपड्यांवर पीठ बसतं म्हणून त्या रोज अशीच भिंत ठोकायच्या.

बबनराव तणतणत पलीकडे गेले. "आज तर चक्की बंद आहे. आता काय त्रास झाला?"

शालनबाईंच्या फरशीवरही तीच लाल रेघ होती. त्या हातोडीने भिंत ठोकून बघत होत्या.

"ही काढली तर दोघांचं मिळून एक धड दुकान होतंय. त्या टोकाला तुमची चक्की, या टोकाला माझं मशीन, मधे गिऱ्हाईक."

बबनराव घुटमळले. "पण पीठ उडेल हो."

"भिंतीनं तरी ते कुठं थांबलं?" म्हणत शालनबाईंनी हातोडी त्यांच्या हातात दिली.