काही ऐकू येत नाही, असं सांग

स्नेहलतागंजमधल्या त्या दवाखान्याच्या जिन्यातच श्रीपादरावांनी मुलीला थांबवलं.

"उर्वी, विचारलं तर सांग, आता काही ऐकू येत नाही. बस, एवढंच. सोमवारपासून महूच्या शाळेत शिकवायला वापस जायचंय. त्यांनी जागा ठेवली आहे न, बेटा."

गेल्या हिवाळ्यात उर्वीला एका माणसाचा आवाज ऐकू यायला लागला होता. शेजारचे आपलं बोलणं चोरून ऐकतात असं वाटून तिने घरातले सगळे स्विच उपटून काढले होते. औषधं सुरू झाली, स्विच पुन्हा बसले. आवाज कमी झाला, पण गेला नाही.

आत समुपदेशक अमिता मॅडम होत्या. उर्वी दर आठवड्याला त्यांच्याशी बोलायला यायची. आज त्यांनी वडिलांनाही बोलावलं होतं.

"कसा गेला आठवडा?"

"एकदम बढिया," श्रीपादरावच म्हणाले. "जेवते, झोपते. आवाज-बिवाज बिलकुल नाही. मॅडमजी, आता हे दर आठवड्याचं येणं बंद केलं तर? तेच तेच उकरून काय फायदा?"

अमिता मॅडमनी ऐकून घेतलं आणि उर्वीकडे पाहिलं.

उर्वीने ओढणीचं टोक मुठीत धरलं. "येतो," ती म्हणाली. "आत्ता पण येतोय."

"उर्वी! अगं, गप्प बसायला तुझं काय जातं?"

"तो पण हेच म्हणतोय, बाबा. गप्प बस. मॅडमना सांगितलंस तर तुला कोंडून ठेवतील." ती थांबली नाही. "आधी मला वाटायचं, तो म्हणतो ते सगळं खरंच आहे. आता कळतं. मला ऐकू येतं, हे खरं. तो सांगतो, ते खरं नाही. एवढा फरक समजायला माझा पूर्ण उन्हाळा गेला. आणि तुम्ही म्हणता, काही झालंच नाही असं सांग. नाही सांगणार. मी त्याचं ऐकत नाही, तर तुमचं कसं ऐकू?"

श्रीपादरावांनी मॅडमकडे पाहिलं. खाली रस्त्यावर कोणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं. हॉर्न थांबला तेव्हा श्रीपादराव हळूच म्हणाले, "काय... काय म्हणतो तो?"

इतक्या महिन्यांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"म्हणतो, तुझ्या बापाला तुझी लाज वाटते."

श्रीपादरावांनी चष्मा काढला, नुसताच हातात धरला.

"खोटं बोलतो हरामखोर," ते म्हणाले. मग चष्मा पुन्हा लावत, "पण सोमवारी वर्गात तो बोलायला लागला तर? मॅडमजी, तर काय करायचं?"

"तिलाच विचारा," मॅडम म्हणाल्या.

उर्वीने ओढणी सोडली.

"बोलू दे," ती म्हणाली. "मागच्या बाकावर कोणी न कोणी बडबडत असतंच, बाबा. त्यांच्यासाठी मी कधी शिकवणं थांबवलंय?"