काट्याला घाबरणारी बाळं

ठोंब्याचा रडून रडून घसा बसला, तरी आईने त्याला खांद्यावरून खाली घेतलं नाही. छातीजवळ आला असता तर दुधाचा वास लागला असता, आणि मग तो कोणाच्या बापाला आवरला नसता. पहाटेपासून त्याच्या पोटात थेंब नव्हता. आणि तिच्यापुढे अजून तीन बायका होत्या.

दवाखान्याच्या लांबट खोलीत बाकांवर वीसेक आया बसल्या होत्या, आणि वीसेक बाळं एका सुरात टाहो फोडत होती. समोर टेबलावर वजनकाटा. काटा सांगेल तो आकडा नर्सबाई बाळाच्या कार्डावर टिंब देऊन मांडायच्या. टिंब तांबड्या रेघेच्या खाली पडलं, की महिन्याचं पाकीट मिळायचं: दुधाची भुकटी, डाळ, तेल. रेघेच्या वर गेलं, की पाकीट बंद.

मागच्या महिन्यात ठोंब्याचं टिंब रेघेला खालून टेकलं होतं. नर्सबाई खूश झाल्या होत्या. आई मात्र घरी पोचेपर्यंत ते टिंब पुन्हा पुन्हा बघत होती.

तेव्हापासून ती रोज त्याच्या मांड्या चाचपायची. वळ्या पडू लागल्या होत्या. दुसरी कोणी असती तर हरखली असती. हिला धडकी भरायची. पाकिटावर ठळक लिहिलेलं असे, 'फक्त बाळासाठी'. पण घरी पाच वर्षांची थोरली होती. तिला अजून वाचता येत नव्हतं, भूक तेवढी लागायची. बाळाचा बाप गोदामात पोत्यांखाली सापडून पाय मोडून बसला होता. तो आपल्या वाट्याचं थोरलीच्या ताटलीत सरकवायचा आणि म्हणायचा, "आज मला नाही बुवा भूक." लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून ती खोलीचं भाडं भागवायची. त्यापुढचं सगळं त्या पाकिटावर.

युक्ती शेजारणीची. "वजनाच्या दिवशी सकाळपासून तोंडाला लावायचं नाही. काट्यावर ठेवताना अंगावर चिंधीसुद्धा नको. फरक पडतो गं! आणि एक सकाळ उपाशी राहून कोणी मरत नाही." शेजारीण आत्ताही बाजूलाच बसली होती. तिची पोर मांडीवर लाल-निळी होत होती.

"घाबरतात हो काट्याला," नर्सबाई कानातला कापूस नीट बसवत म्हणाल्या. "गार पत्रा ना. सात वर्षं बघतेय, साहेब. सुई टोचायच्या दिवशीसुद्धा एवढी रडत नाहीत."

साहेब आजच वरच्या ऑफिसातून तपासणीला आले होते. भला माणूस होता, एका बाळाला खुळखुळासुद्धा वाजवून दाखवला होता. पण रजिस्टर चाळता चाळता त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. "सात वर्षं पाकिटं वाटतोय आपण. आणि रेघेखालची बाळं रेघेखालीच? मला विचाराल तर आयत्याची सवय वाईट. फुकट मिळालं की माणूस हातपाय हलवायचं सोडतो."

"बाळाने काय हलवायचे, साहेब?" नर्सबाई म्हणाल्या.

"एकदा माझ्या हातपायांना येऊन विचार म्हणावं," शेजारीण पुटपुटली. तिच्या बोटांना साबणाच्या पाण्याने भेगा पडल्या होत्या.

तेवढ्यात ठोंब्या गप्प झाला. झोपला नव्हता. आईच्या मानेला तोंड लावून तिचा खारट घाम चोखत होता.

तिच्या छातीत दोन्हीकडे दूध दाटून आलं. आत कोंबलेला घडीचा रुमाल ओलाचिंब झाला.

"चल गं, तुझा नंबर," नर्सबाईंनी हाक मारली.

ती उठली. साहेबांनी ठोंब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आवाज चढवला नाही, वर्गात मास्तर विचारतात तसं विचारलं, "ताई, एक सांगा. पोराचं पोट भरायची जबाबदारी कोणाची?"

तिने ठोंब्याला खांद्यावरून खाली घेतलं.

"माझी," ती म्हणाली. आणि परत बाकावर बसली.

"अगं, बसलीस काय?"

"आधी पाजते, बाई. मग करा वजन."

शेजारणीने तिला चिमटा काढला. "डोकं फिरलं का तुझं? दहा मिनिटं कळ काढ की!"

"कळ मी कुठे काढतेय? तो काढतोय."

ठोंब्या एका बाजूला प्याला, मग दुसऱ्या. घटाघटा, मुठीत तिचा कपडा धरून. मोठ्या माणसासारखी ढेकर दिली. मग तो काट्यावर चढला आणि पत्र्यावर पाय आपटत चक्क हसला.

टिंब रेघेच्या वर पडलं. फार नाही, मुंगीएवढं वर.

"सुटला गं गुलाम!" म्हणत नर्सबाईंनी कार्डावर शिक्का मारला: पाकीट बंद.

साहेबांचा चेहरा खुलला. "बघा, मनावर घेतलं की होतं!"

तिने ठोंब्याला झबलं घातलं, बंद बांधले. दारात वाट बघत बसलेली थोरली डोळ्यांपुढे आली. तिला काय सांगायचं?

मागे शेजारीण म्हणाली, "मरो ते पाकीट," आणि भिंतीकडे वळून पोरीला जवळ घेतलं. तिच्या पलीकडची तिच्याकडे बघत राहिली. मग तीही वळली. मग तिच्यामागची. एकेक रडणं मधेच तुटत गेलं, आणि थोड्या वेळाने त्या लांबट खोलीत फक्त घोटांचे आवाज उरले.

नर्सबाईंनी कानातला कापूस काढला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "आज काट्याला कोणीच कसं घाबरत नाही?"