मिशीची पैज

लॉकडाउनमुळे मी मेलबर्नला मुलाकडे, श्रीनाथकडे अडकलो, तेव्हा त्याने मला फोनवरच्या रग्बी लीगच्या खेळात ओढलं. ठरलेल्या रकमेत खऱ्या खेळाडूंचा आपला संघ निवडायचा. ते मैदानात जसे खेळतील, तसे आपल्याला गुण. पैज अशी, की मी हरलो तर माझी चाळीस वर्षांची मिशी जाणार, आणि तो हरला तर त्याचे मानेवर आलेले केस मी कापणार. सलूनला कुलूपच होतं.

त्याने नावाजलेले, महागडे खेळाडू घेतले. माझी यादी बघून तो हसतच सुटला. "बाबा, हे सगळे स्वस्तातले नवखे आहेत! मिशीचा शेवटचा फोटो काढून ठेवा."

सीझन संपला आणि तो गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून मुकाट्याने खुर्चीत बसला.

"आता तरी सांगा बाबा, ही पोरं हेरलीत कशी?"

"अरे, मी साठीत अक्षरं शिकलेला माणूस. ज्यांची इंग्रजी नावं आखूड होती, तेवढीच मला वाचता आली."

त्याने दचकून मागे पाहिलं. "आणि केस कापायला कधी शिकलात?"


"हलू नकोस. हा न्हावीही स्वस्तातला नवखाच आहे."